पुन्हा पहिल्या मजल्यापासून

शारजात जानेवारी २०२२पासून आठवड्याची सुट्टी तीन दिवसांची झाली: शुक्रवार, शनिवार आणि रविवार. दुबईत नोकरी करणाऱ्या बऱ्याच आई-बाबांचं ऑफिस मात्र शुक्रवारीही चालू असतं आणि उन्हाळ्यात दुपारी मुलांना खाली खेळायला पाठवायची सोय नसते. रोला, अल नहदा, अल मजाझ इथल्या मराठी घरांमधून मग गेम सुरू होतात आणि कधीतरी आतल्या खोलीतून आरोळी येते, "गेलं सगळं!" पाठोपाठ दार आपटतं आणि जेवायला यायला साफ नकार मिळतो.

ही आरोळी बऱ्याचदा 'रोगलाइक' नावाच्या गेमप्रकारामुळे येते. दिसायला हे गेम साधे असतात. ठोकळ्या-ठोकळ्यांची जुनी चित्रं, एक छोटा नायक, खाली खाली उतरत जाणारं भुयार. पण नायक मेला की मिळवलेलं सगळं जातं, खेळ पहिल्या मजल्यापासून सुरू होतो आणि भुयाराची रचनाही बदललेली असते. खेळणारे याला 'पर्माडेथ' म्हणतात, आणि एका जन्माच्या खेळाला 'रन'.

याचं मूळ १९८०च्या आसपासचं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम लिहायला घेतला, पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. पडद्यावर चित्रं नव्हती, फक्त अक्षरं. नायक म्हणजे @, राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. तोवरचे साहसी गेम एकदा सोडवले की संपत, आणि लिहिणाऱ्याला तर स्वतःच्या गेममध्ये काहीच नवल उरत नसे. म्हणून भुयार दर वेळी संगणकानेच नव्याने रचायचं असं ठरलं. अर्धवट खेळ सेव्ह करता येई, पण तो पुन्हा उघडताच सेव्हची फाइल पुसली जाई. हा कंजूषपणा नव्हता. हातातल्या काढ्याच्या बाटलीत औषध आहे की विष, हे माहीत नसताना ती प्यायची की नाही, या निर्णयाला वजन केव्हा येतं? पिऊन मेल्यावर मागे जाता येत नसेल, तेव्हाच.

सापशिडीत साप गिळतो तेव्हा चूक कुणाचीच नसते, फासा पडला तसा पडला. चांगल्या रोगलाइकमध्ये मात्र मरण आपल्या हातून येतं. डेरेक यू यांचा 'स्पेलंकी' (२००८, सुधारित आवृत्ती २०१२) घ्या. सुधारित आवृत्तीत सुरुवातीला ४ जीव, ४ बॉम्ब आणि ४ दोर मिळतात. भिंतीत दगडी तोंडाचा एक सापळा असतो. त्याच्यासमोरून काहीही हललं की बाण सुटतो आणि एका फटक्यात २ जीव जातात. पहिल्यांदा हा अन्याय वाटतो. मग कळतं की आधी एखादा दगड पुढे फेकला तर बाण त्याच्यावर वाया जातो आणि आपण खुशाल पुढे जातो. रन गेला, दोर गेले, बॉम्ब गेले. दगड फेकायची अक्कल मात्र डोक्यात राहिली, ती कुठलाही सापळा काढून घेऊ शकत नाही.

'हेडीज'ने (२०२०) हा कडूपणा आणखी कमी केला. तिथे मेलेला नायक घरी परततो, माणसं त्याच्याशी बोलतात आणि गोष्ट पुढे सरकते. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) रोगलाइक नाही. तिथे पडलात तर थोडंच मागे जाऊन पुन्हा उभे राहता. मुलाची चिडचिड अती होत असेल, तर असे गेम सुरुवातीला बरे.

आखाताला अशा कठीण गेमची जुनी ओळख आहे. कुवेतच्या अल आलमिया कंपनीने १९८०च्या दशकात 'सखर' नावाने अरबी एमएसएक्स संगणक या भागात आणले. त्या एमएसएक्सवरच कोनामीचा 'मेझ ऑफ गॅलियस' (१९८७) आला, प्रचंड आणि कठीण. त्याच्याच प्रेमातून जपानमधल्या हौशी मंडळींनी २००५मध्ये 'ला-मुलाना' हा जुन्या रूपाचा गेम केला. मुद्दाम जुना दिसणारा, मुद्दाम छळणारा 'इंडी', म्हणजे छोट्या स्वतंत्र मंडळींनी केलेला, गेम ही आवड अशी एमएसएक्सच्या काळापासून चालत आली आहे.

आता दुसऱ्या प्रकारचं नुकसान. नियमाने गेलेला रन आणि बिघाडाने गेलेला रन यांत फार मोठा फरक आहे. गेम मध्येच बंद पडला, फाइल खराब झाली, की खेळणाऱ्याची चूक नसते आणि शिकण्यासारखंही काही उरत नाही. तो राग खरा आहे, आणि त्यातला बराचसा टाळता येतो. बरेच रोगलाइक मेनूतून बाहेर पडल्यावरच रन जपतात. तेव्हा "जेवायला ये, नाहीतर प्लग काढते" असं म्हणून खरंच प्लग काढला, तर दोन तासांची मेहनत आपणच पुसतो. "मजला संपव, मेनूतून बाहेर पड आणि ये" म्हटलं तर पाच-दहा मिनिटांत पोर पानावर येतं.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. गावी इंटरनेट नसताना लॅपटॉपवर खेळलेला गेम परत आल्यावर शारजातल्या संगणकाशी जुळत नाही. मग स्टीमसारखी गेम विकणारी सेवा विचारते, या संगणकावरची फाइल ठेवू की क्लाउडवरची? घाईत चुकीचं बटण दाबलं की नवीन फाइलवर जुनी बसते. दोन्हींच्या तारखा आणि वेळ तिथेच लिहिलेल्या असतात, त्या वाचूनच बटण दाबावं. त्याआधी सेव्हच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली तर उत्तमच.

राहता राहिला नियमाने गेलेला रन. तिथे "एवढं काय, गेमच तर आहे" हे वाक्य जखमेवर मीठ चोळतं. त्याऐवजी "कशाने मेलास?" असं विचारावं. खरा खेळणारा लगेच सांगू लागतो: घाई केली, दोर आधीच संपवला, सापळा दिसला होता पण थांबलो नाही. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळतं की पुढच्या वेळी काय करायचं. हरलेल्या डावाचा असा हिशेब मांडता येणं हीच या खेळांची खरी कमाई आहे, आणि घरात ऐकून घेणारं कुणी असेल तर ती मुलाच्या पदरात लवकर पडते.