क्रिएटिनिन एक, गाठी अनेक

"काका, मूठ सोडा. आवळू नका." लॅबमधला मुलगा हे दोनदा सांगतो. काका वर्षानुवर्षं रक्त देत आलेत, त्यांना मूठ आवळायची सवयच झालीय. पण दंडाला पट्टा बांधून मूठ सारखी आवळली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टमधला आकडा फुकटचा एकाने वाढू शकतो. साडेतीन ते पाच ही नेहमीची मर्यादा. सहाच्या पुढे हृदयाच्या ठोक्यांची काळजी सुरू होते. म्हणजे तो एक आकडा चांगलाच महागात पडतो.

काका लोणी देवकरच्या बाजूचे, डाळिंबाचे बागायतदार. आजार पॉलिसिस्टिक किडनीचा. घरात त्याला ‘किडनीत पाण्याच्या गाठी’ म्हणतात. डाळिंबात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे स्वतःच्या बागेतलं फळ मोजूनमापून खायचं.

नळीतलं रक्त गोठलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरलं, वर सीरम आलं. ते फिकट पिवळं हवं. मुलाने नळी उजेडाकडे धरली, तर गुलाबी झाक. "हिमोलाइज झालंय. परत घ्यावं लागेल." तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, थोड्या पेशी फुटल्या तरी रिपोर्ट बिघडतो. काका कुरकुरले. मला मात्र तसंच मशिनला न लावणारा हा मुलगा आवडला.

मग क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा कचरा. अल्कलीत मिसळलेलं पिवळं पिक्रिक आम्ल क्रिएटिनिनला भेटलं की नारिंगी होतं. माक्स याफे यांनी १८८६ मध्ये नोंदवलेली ही क्रिया अजूनही कितीतरी लॅबमध्ये चालते. रंग किती गडद झाला ते मशिन मोजतं. काकांचा आकडा चार. सोबत आलेल्या, तिशीतल्या मुलाचा एक. मुलगा खूश. "माझं नॉर्मल आहे!"

इथेच हा आजार फसवतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आणि गाठी वाढत असतानाही रक्त बरीच वर्षं गप्प राहतं. विहिरीवरच्या चार मोटारींतल्या दोन जळाल्या तरी उरलेल्या दोन जास्त वेळ चालवून टाकी भरता येते, तसं उरलेले नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, जादा काम ओढतात. किडनी दुपटीने फुगलेली आणि क्रिएटिनिन एक, असं सर्रास दिसतं. एकाचे दोन झाले, तर तोवर निम्मी ताकद गेलेली असते. म्हणून अशा घरातल्या तरुणाने सोनोग्राफी करून घ्यायची. वय १५ ते ३९ असेल आणि दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या, तर निदान पक्कं धरतात.

आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. किडनी थकली की रक्त कमी होतं, कारण ते बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं. या आजारात मात्र गाठींच्या आसपासच्या पेशी ते बनवत राहतात, त्यामुळे हिमोग्लोबिन इतर किडनीरुग्णांपेक्षा बरं असतं. काकांचं बारा. चेहरा टवटवीत, आणि गावात कुणाचा विश्वास बसत नाही. पुढे युरिया, युरिक आम्ल, फॉस्फरस चढतात, बायकार्बोनेट उतरतं. बायकार्बोनेट उतरलं म्हणजे रक्तात आम्ल साचलं, आणि आम्ल साचलं की पोटॅशियमही वर सरकतं. सगळं एकमेकांत अडकलेलं.

दुसऱ्या नमुन्याचं सीरम स्वच्छ निघालं. तरी पोटॅशियम पाच पूर्णांक सहा! आता मुठीला दोष देता येईना. डॉक्टरांनी घरच्या जेवणाची चौकशी केली. भाज्या उकळून पाणी फेकतात, शहाळं बंद, केळी बंद. मग मिठावर गाडी आली. बीपीसाठी म्हणून सुनेने कौतुकाने ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत, तसं छापलेलंही होतं.