आज्ञाधारक दिवे : मुंबईच्या चाळींतून अल्प खर्चानें आरंभ

आमच्या वाचकांत असें घर विरळा कीं ज्यांतील कोणी ना कोणी मुंबईस नाहीं. कोंकण, सातारा, कोल्हापूर, पुणें, नगर या जिल्ह्यांतून गिरणीच्या भोंग्यामागें गेलेली पिढी परळ, लालबाग, नायगांव येथील चाळींत राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, परंतु खोल्या राहिल्या, आणि त्यांतील पुष्कळ खोल्यांत आज नातवंडें संसार करितात. हीं नातवंडें सणावारास गांवीं आलीं म्हणजे हातांतील फोनवरून मुंबईच्या खोलींतील दिवा लावून व मालवून दाखवितात, आणि आपल्या घरींही असे दिवे बसवूं या असा आग्रह धरितात. बाजारांत या दिव्यांस ‘स्मार्ट’ म्हणतात. आम्ही त्यांस आज्ञाधारक दिवे म्हणूं. त्यांत पैसा घालावा काय, घालावयाचा तर किती व कोणत्या क्रमानें, याची कसोटी चाळीच्या खोलींत जशी लागते तशी बंगल्यांत लागत नाहीं. तेथें जागा थोडी, वायरिंग जुनें, खोली बहुधा पागडीची आणि मिळकत बेताची. तेथें जें टिकलें तें गांवींही टिकेल, या हिशोबानें आम्ही हा विषय येथें घेतला आहे.

ही कल्पना शेतकऱ्यास नवी नाहीं. विहिरीवरील पंपास ऑटो बसवून वीज आली कीं मोटर आपोआप सुरू व्हावी, ही व्यवस्था गांवोगांव आहे. आणि घरीं बसून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टरही अनेकांनीं बसविले आहेत. रात्रपाळीच्या विजेसाठीं अंधारांत बांधावरून जाण्याचा धोका त्यामुळें टळला. आज्ञाधारक दिवा म्हणजे हाच स्टार्टर लहान होऊन बल्बाच्या मानेंत बसला, एवढेंच. बल्बांत एक बारीक संदेशग्राहक असतो. तो घरांतील वायफायवरून अगर ब्लूटूथवरून फोनची आज्ञा घेतो, आणि त्याप्रमाणें दिवा लावतो, मंद करितो, अथवा ठरल्या वेळीं मालवितो.

मुंबईच्या दिव्यांशीं आमच्या वर्गाचा संबंध केवळ पाहुणचाराचा नाहीं, हेंही ओघानें सांगितलें पाहिजे. त्या शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं आले. विजेचा दिवा क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालीं लागला. १९०५ सालीं वीज व ट्राम चालविणारी कंपनी स्थापन झाली. तीच १९४७ च्या ऑगस्टांत नगरपालिकेकडे आली, आणि आज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत ‘बेस्ट’ या नांवानें वीज पुरविते. परंतु ही वीज आली कोठून? टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं चालू झालें तें लोणावळ्याकडील तळ्यांच्या पाण्यावर. पुढें मुळशीचें धरण झालें. त्याखालीं मावळ्यांच्या भातजमिनी व गांवें बुडालीं, आणि १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणानें शेतकऱ्यांनीं तेथें सत्याग्रह केला. धरण थांबलें नाहीं. त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळाली, आणि त्याच गिरण्यांत मावळांतील व घांटावरील माणसें कामास गेलीं. म्हणून चाळींतील दिव्याचा हिशोब शेतकऱ्याच्या मासिकांत होणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

आतां तो हिशोब करूं. विकणारे सांगतात कीं या दिव्यांनीं वीज वांचते. हें अर्धसत्य आहे. जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब रोज पांच तास जळला तर महिन्यास नऊ युनिट खातो. तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा साधा एल. ई. डी. बल्ब तेवढ्याच वेळांत सव्वा ते दीड युनिट घेतो. युनिटास आठ रुपये धरल्यास महिना साठ रुपये वांचले, आणि शंभर रुपयांच्या बल्बाची किंमत दोन महिन्यांत फिटली. हा सर्व फायदा साध्या एल. ई. डी. चा आहे. २०१५ च्या जानेवारींत केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना निघाली व घाऊक खरेदीमुळें या बल्बांचा भाव झपाट्यानें उतरला, तेव्हांपासून तो गरिबांच्याही आवांक्यांत आहे. त्यावर ‘स्मार्ट’ बल्ब घेतला तर आणखी किती वांचतें? समजा, विसरून राहिलेला दिवा तो रोज एक तास आधीं मालवितो. महिन्यास पाव युनिटाहून किंचित् जास्त वांचलें. परंतु मालविलेल्या स्थितींतही तो आज्ञेची वाट पाहत जागा असतो, आणि त्या जागरणास सुमारें अर्धा वॅट लागतो. दिवसाचे वीस तास धरल्यास महिन्यास तेंही पाव युनिटाहून अधिकच. म्हणजे वांचलेलें सर्व पहारेकऱ्यानेंच खाल्लें. पांचशे ते आठशे रुपयांचा बल्ब वीज वांचविण्यासाठीं घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वीजच वांचवावयाची असेल तर खोलींत दुसऱ्या जागा आहेत. रात्रभर जळणारा ‘झिरोचा बल्ब’ घ्या. नांव शून्याचें असलें तरी जुन्या पद्धतीचा हा बल्ब दहा-पंधरा वॅट घेतो. पूर्वींच्या मीटरांस इतका सूक्ष्म भार नीट कळत नसे, म्हणून लोकांस तो फुकटचा वाटे. पंधरा वॅट धरून रात्रीचे आठ तास जळल्यास महिन्यास साडेतीन युनिट होतात. त्याच्या जागीं अर्ध्या वॅटचा एल. ई. डी. लावावा. दुसरा पंखा. मुंबईच्या दमट हवेंत तो वर्षांतील बहुतेक दिवस फिरतो. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, तर बी. एल. डी. सी. मोटरचा तीसच्या आसपास. रोज बारा तास फिरल्यास महिन्यास सोळा युनिट, म्हणजे वरील दरानें सुमारें एकशें तीस रुपये वांचतात. हातांत अडीच-तीन हजार रुपये असतील तर प्रथम पंखा बदलावा, दिव्याच्या चैनीचें मागाहून पाहावें.

मग आज्ञाधारक दिव्याचें खरें काम कोणतें? आमच्या मतें तें म्हाताऱ्या माणसांच्या पायांचें रक्षण हें होय. मुंबई विकास खात्यानें १९२० नंतर वरळी, नायगांव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथें ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारें एकशें साठ चौरस फुटांची आणि शौचकूप मजल्यावर सामाईक. गिरगांवांतील व लालबागांतील खाजगी मालकांच्या अनेक चाळींची मांडणीही अशीच. रात्रीं दोन वाजतां उठलेली आजी प्रथम दिव्याचें बटन चांचपडते. जमिनीवर मुलें ओळीनें निजलेलीं असतात; त्यांची झोंप मोडूं नये म्हणून ती दिवा न लावतांच त्यांना ओलांडते, उंबरा ओलांडते आणि गॅलरींतून भिंतीच्या आधारानें जाते. या वयांत खुब्याचें हाड मोडलें तर पुन्हां चालतां येईलच असा भरंवसा नसतो, आणि एका खोलीच्या घरांत अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा सर्वांच्या रोजगारावर येते. या एका प्रसंगासाठीं दिव्यावर केलेला खर्च आम्ही वायफळ मानीत नाहीं.

परंतु त्याकरितां फोन, वायफाय यांपैकीं कशाचीही गरज नाहीं, ही मौजेची गोष्ट. माणसाच्या अंगाची उष्णता हललेली ओळखून लागणारा व मिनिटभरानें आपोआप मालवणारा दिवा तीनचारशें रुपयांत मिळतो. कांहीं साध्या होल्डरांत बसतात, कांहीं सेलवर चालून भिंतीस चिकटतात. असा एक लहान, पिवळसर उजेडाचा दिवा पलंगाच्या पायाशीं, जमिनीपासून हातभर उंचीवर लावावा. उजेड पायांपुढें पडतो, निजलेल्यांच्या डोळ्यांवर पडत नाहीं. गॅलरीसाठीं मात्र भाडेकरूंनीं मिळून विचार करावा. तीन मजल्यांवर मिळून बारा दिवे रात्रीचे बारा तास जळत असतील तर नऊ वॅटच्या हिशोबानें महिन्यास एकोणचाळीस युनिट होतात. हालचाल ओळखणारे दिवे लावल्यास त्यांतील पंचवीस ते तीस वांचण्यासारखीं आहेत. सामाईक मीटरचें बिल कोणी भरावयाचें यावरून चाळींत वाद होतात, ते मिटण्यासही याचा उपयोग होईल. जिन्याच्या पायऱ्यांवर मात्र एक दिवा कायम जळत ठेवावा. पायरीवर पाऊल पडल्यानंतर उजेड येणें उपयोगाचें नाहीं.

ज्यांस खरोखर फोनवरचा दिवा हवा आहे त्यांनीं एकाच दिव्यापासून आरंभ करावा. होल्डर पिनांचा आहे कीं आट्यांचा हें आधीं पाहावें. आपल्याकडे बहुधा पिनांचा असतो, आणि परदेशी मालांत आट्यांचा बल्ब येतो. वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणीचिन्ह असल्याखेरीज घेऊं नये. लोहार चाळींत विजेचें घाऊक सामान आणि लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक जिन्नस स्वस्त मिळतात हें खरें. तरी पक्की पावती व हमीपत्र घ्यावें, कारण या बल्बांत दिव्याआधीं त्याचा मेंदू बिघडतो. घरांत कायम वायफाय नसेल, एकाच्या फोनमधून सर्वांस इंटरनेट मिळत असेल, तर वायफायचा बल्ब घेऊंच नये. तो फोन कामावर गेला कीं बल्ब मुका होतो. अशा घरीं ब्लूटूथचा किंवा रिमोटचा दिवा बरा. वायफाय असल्यास एक खूण लक्षांत ठेवावी : बहुतेक बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालतात, पांचवर नाहीं. ‘जुळत नाहीं’ अशी पुष्कळांची तक्रार असते तिचें कारण बहुधा हेंच.

दुसरी अडचण माणसांची आहे. भिंतीवरील बटन बंद केलें कीं बल्बाची वीजच तुटते आणि मग फोनवरून कितीही सांगा, तो ऐकत नाहीं. घरांतील वडील माणसें जन्मभर बटन बंद करीत आलीं. त्यांस ‘बटनास हात लावूं नका’ असें सांगणें योग्य नाहीं व तें चालतही नाहीं. त्यावर तोड अशी कीं बल्ब साधाच ठेवावा आणि बटनाच्या मागें बोर्डांत आज्ञाधारक स्विचचा तुकडा बसवावा. मग बटनही चालतें आणि फोनही. याच्या बहुतेक जातींस बोर्डांत न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डांत पंख्याच्या बटनाशेजारीं प्लगची जागा आहे तेथें ती असतेच. नुसत्या बटनाच्या जुन्या बोर्डांत बहुधा नसते. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. जुन्या चाळींत कापडी वेष्टनाची अगर रबर वाळून तडकलेली वायर आढळली तर सर्व बेत बाजूस ठेवून प्रथम ती बदलावी, अर्थिंग तपासून घ्यावें व गळती होतांच वीज तोडणारें यंत्र बसवावें. सडक्या तारेवर शहाणा दिवा लावून आग टळत नाहीं. पागडीच्या खोलींत भिंत फोडावयाची असल्यास मालकाची संमति घ्यावी, म्हणजे पुढें तंटा होत नाहीं. वरळीच्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस २०२५ च्या ऑगस्टांत नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा नव्या घरांत जाणारांनीं सामान लावण्यापूर्वींच प्रत्येक बोर्डांत न्यूट्रल आहे काय तें पाहून घ्यावें; मागाहून तेंच काम दुप्पट खर्चाचें होतें.

आणखी एक धोका दुकानदार सांगत नाहीं. पुष्कळ दिव्यांची आज्ञा खोलींतून निघून दूरच्या कंपनीच्या यंत्रापर्यंत जाते व तेथून परत येते. अमेरिकेंतील इन्स्टिऑन या कंपनीनें एप्रिल २०२२ मध्यें आपलीं यंत्रें पूर्वसूचना न देतां बंद केलीं, तेव्हां गिऱ्हाइकांच्या घरांतील उपकरणांस फोनवरून आज्ञा देतां येईनाशी झाली. म्हणून विकत घेतल्यावर हमीच्या मुदतींतच एक परीक्षा करावी : राउटर तसाच चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी, आणि ठरवून दिलेल्या वेळीं दिवा लागतो काय तें पाहावें. लागला तर दिवा आपला. न लागला तर तो कंपनीचा, आपण फक्त भाडेकरू. २०२२ च्या अखेरीपासून ‘मॅटर’ नांवाचा सामाईक करार निघाला आहे. तो पाळणारे दिवे घरांतल्या घरांत आज्ञा घेऊं शकतात आणि एका कंपनीच्या ॲपशीं बांधलेले नसतात. थोडे महाग असले तरी पाहण्यासारखे आहेत.

गांवीं नेणारांस दोन शब्द. मुंबईंत वीज क्वचित् जाते. आपल्याकडे ती रोज जाते आणि येते. अशा बल्बांची मूळची संवय अशी कीं वीज परत आली म्हणजे पूर्ण तेजानें लागावयाचें. रात्रीं तीन वाजतां वीज आली कीं सर्व घर उजळतें. बहुतेक ॲपांत ही संवय बदलून ‘पूर्वींच्या स्थितींत राहावें’ असें ठरवितां येतें. तेवढें पहिल्याच दिवशीं करावें. आमच्या खेड्यांत दाब कमीजास्त होतो, त्यासाठीं वेष्टनावर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल हें वाचून, विस्तृत मर्यादेचाच माल घ्यावा. प्लगमध्यें बसणारा आज्ञाधारक सॉकेट घेतल्यास त्यावर अँपिअरचा आंकडा पाहावा : दहा अँपिअरच्या सॉकेटवर आकाशकंदील, गणपतीची आरास, टेबलपंखा हीं खुशाल चालवावीं, पण गीझर अगर पाण्याची मोटर कदापि नाहीं. गोठ्यांत व खळ्यावर हालचालीनें लागणारा दिवा उत्तम काम देतो. मात्र तो अशा उंचीवर व अशा कोनांत लावावा कीं बांधलेल्या जनावराच्या हालण्यानें तो रात्रभर लागत-मालवत राहूं नये.