रंगाखाली लपलेला खड्डा

छोटे विमान बाळगणाऱ्यांना दर काही वर्षांनी एक असे बिल भरावे लागते, ज्याचा नेमका आकडा काम सुरू होण्यापूर्वी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते बिल असते प्रोपेलरच्या, म्हणजे विमानाच्या नाकावर फिरणाऱ्या पंख्याच्या ओव्हरहॉलचे. उड्डाणात पात्यांचा कोन बदलता येतो अशा दोन पात्यांच्या पंख्याला अमेरिकेत यासाठी काही हजार डॉलर मोजावे लागतात. कुठे स्वस्तात काम होते, कुठे महागात. दोन्हीकडून परत येणारा पंखा मात्र सारखाच चकचकीत दिसतो. खरी अडचण इथेच आहे.

आधी या पंख्याला काय सोसावे लागते ते पाहू. बारामती किंवा धुळ्यासारख्या ठिकाणी वैमानिक होण्याचे धडे ज्या जातीच्या विमानांवर गिरवले जातात, त्यांचा पंखा साधारण १.९ मीटर व्यासाचा असतो. मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या वेगाने तो फिरला, की पात्याचे टोक ताशी साडेनऊशे किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापत असते. पाते मुळातून उपटून बाहेर फेकू पाहणारे बल १० टनांच्या पुढे जाते. प्रत्येक पात्याला एसटीची एक रिकामी बस टांगली आहे, असे समजा! शिवाय इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यागणिक पाते थरथरते ते वेगळेच.

अशा वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यावरची बारीकशी खाचही महागात पडू शकते. धावपट्टीवरचा खडा उडून लागला, की खाच पडते. आर्द्र किंवा खाऱ्या हवेत विमान नुसते उभे राहिले, तरी धातू खाल्ला जाऊन खड्डे पडतात. सगळा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, तिथून तडा सुरू होतो आणि प्रत्येक उड्डाणात केसभर पुढे सरकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. म्हणूनच ओव्हरहॉलची मुदत केवळ तासांत मोजत नाहीत. हार्टझेल या अमेरिकी कंपनीने आपल्या अनेक छोट्या प्रोपेलरसाठी २,४०० तास किंवा ६ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ती मर्यादा सांगितली आहे. हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या विमानाचा पंखा ‘वापरलाच नाही’ म्हणून तरुण राहत नाही.

ओव्हरहॉलमध्ये पंखा पूर्ण खोलतात. रंग उतरवतात. पात्यांवर चमकणारे द्रव्य लावून अतिनील प्रकाशात तडे शोधतात, पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची चाचणी करतात. रबरी सील बदलतात. आणि मग येते सर्वांत महत्त्वाचे काम. जिथे धातू खाल्ला गेला आहे, तिथे खड्ड्याच्या तळापर्यंत घासून निरोगी धातू उघडा करायचा. त्यानंतर पात्याची रुंदी व जाडी मोजायची. कंपनीने ठरवून दिलेल्या किमान मापाखाली ते गेले, की पाते भंगारात. म्हणजे प्रत्येक प्रामाणिक ओव्हरहॉल पात्याला थोडे झिजवतो. बिल अचानक फुगते तेही याच टप्प्यावर, कारण नवे पाते किंवा नवा हब घेणे सील बदलण्याइतके स्वस्त नाही. मालकाला हा फोन आला, की त्याला वर्कशॉपवालाच लबाड वाटू लागतो. पण खड्डा सापडला म्हणून फोन करणारा, न शोधताच रंग मारणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

न शोधण्याची किंमत काय असते, हे मोठ्या विमानांच्या अपघातांतून कळते. २१ ऑगस्ट १९९५ रोजी अटलांटाहून गल्फपोर्टला निघालेल्या एम्ब्रेअर ब्राझिलिया विमानाचे एक पाते हवेतच तुटले. जॉर्जिया राज्यातील कॅरोल्टनजवळ ते कोसळले आणि २९ पैकी ९ जण अखेर दगावले. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे हेच पाते आधी ध्वनिलहरींच्या चाचणीत संशयित ठरून दुरुस्तीला गेले होते. तिथल्या तंत्रज्ञाला आतल्या पोकळीत दोष दिसला नाही. चाचणीत आलेला इशारा हत्याराच्या ओरखड्यांमुळे असावा, असे मानून तो भाग घासून गुळगुळीत करण्यात आला आणि पाते सेवेत परतले. खड्डा आणि तडा आतच राहिले. दोष दुरुस्तीच्या पद्धतीचा, प्रशिक्षणाचा आणि निरोप नीट न पोचण्याचा होता, असे चौकशीत निघाले.

१० जुलै २०१७ रोजी अमेरिकी मरीन दलाचे केसी-१३०टी विमान मिसिसिपी राज्यात कोसळले. १६ जण मृत्युमुखी पडले. तुटलेल्या पात्याचा ओव्हरहॉल २०११ मध्ये हवाई दलाच्याच कार्यशाळेत झाला होता. खाल्ल्या गेलेल्या भागावर संरक्षक लेप सापडला, म्हणजे खराबी न काढताच वरून लेप चढवला गेला होता. सरकारी कार्यशाळा, अनुभवी माणसे, पैशाची ददात नाही, तरीही हे घडले. तेव्हा ‘महाग म्हणजे चांगले’ हेही खरे नाही.

मग ग्राहकाने पाहायचे काय? चकाकी नव्हे, कागद. ओव्हरहॉलच्या आधीची आणि नंतरची पात्यांची मापे मागावीत, आणि ती किमान मर्यादेच्या किती जवळ आली आहेत तेही विचारावे, कारण पुढच्या खेपेला पाते टिकणार की नाही याचा अंदाज त्यावरूनच येतो. कोणत्या चाचण्या झाल्या, कोणते भाग बदलले, सुरक्षाविषयक कोणते आदेश पाळले याची नोंद हवी. अमेरिकी नियमांत ‘ओव्हरहॉल’ हा शब्द सैल नाही. सुटे करणे, साफ करणे, तपासणे, गरजेनुसार दुरुस्त करणे, पुन्हा जोडणे आणि चाचणी घेणे, हे सर्व झाल्याशिवाय नोंदवहीत तो लिहिता येत नाही. घासून रंगवलेला पंखा त्यात बसत नाही.

एक गंमत अशी, की त्याच अमेरिकेत स्वतःपुरते विमान उडवणाऱ्या खासगी मालकावर सहा वर्षांची ती मुदत पाळण्याची सक्ती सहसा नसते. कंपनीची ती शिफारस ठरते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे न खोललेले पंखेही उडताना आढळतात, आणि त्यांचे मालक ‘अजून काही झालेले नाही’ असे सांगतात.