पहिली एअर रायफल घेताना पैसा कुठे घालावा

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. खेड्यातला मुलगा इथवर पोचतो हे दिसल्यावर यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या नेरमधल्या पोरांनाही रायफल हाती घ्यावीशी वाटली तर नवल नाही. सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलने करावी.

घरी जुळवणी नको

परदेशातले व्हिडिओ पाहून सुटे भाग आणून रायफल जुळवण्याचा विचार काहींच्या डोक्यात येतो. तो तिथेच सोडावा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ ठरतात आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. तयार एअर रायफल विकत घेण्याची गोष्ट वेगळी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद साधारण साडेसात ज्यूल असते. त्यामुळे ‘जास्त पॉवर’ म्हणून विकली जाणारी रायफल नेमबाजाच्या काहीच कामाची नाही.

स्प्रिंगची की हवेच्या सिलिंडरची

स्पर्धेत वरच्या पातळीवर सिलिंडरवाली रायफलच चालते. तिला धक्का जवळजवळ नसतो. पण तिची किंमत लाखांत जाते आणि सिलिंडर २०० बारपर्यंत भरावा लागतो. तालुक्याच्या गावी ती सोय कुठे करायची, हे आधी ठरवा. पहिल्या वर्षासाठी भारतीय बनावटीची स्प्रिंगची रायफल पुरते. ती झटका देते, म्हणून गोळी सुटल्यावरही नेम धरून राहण्याची सवय लागते. ही सवय पुढे कोणत्याही रायफलवर उपयोगी पडते.

जुनी सिलिंडरवाली रायफल स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षांची मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरायलाही धोकादायक असतो. नव्या सिलिंडरचा खर्च धरला की ‘स्वस्त’ रायफल बहुधा स्वस्त राहत नाही.

छर्रे, साइट, दस्ता

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्या बारीक कामात छर्र्याचा दर्जा रायफलइतकाच बोलतो. सपाट तोंडाचे, साधारण अर्ध्या ग्रॅमचे छर्रे घ्या. दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा आणा, रायफल टेकवून प्रत्येकी दहा गोळ्या मारा आणि ज्याची भोके सर्वांत जवळ पडतात तोच प्रकार पुढे वापरा. महागडे छर्रे तुमच्या नळीला मानवतीलच असे नाही.

त्यानंतर पैसा डायऑप्टर साइटवर, म्हणजे बारीक भोकातून पाहून नेम धरायच्या मागच्या साइटवर, घालावा. तिचे प्रत्येक ‘क्लिक’ नेम सारखाच सरकवते का, हे दुकानातच तपासा. दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू बदलता येत असेल तर उत्तम, कारण वाढत्या वयाच्या मुलाला एकच माप दोन वर्षे पुरत नाही. जॅकेटची घाई करू नये. ताठ जॅकेटने कमकुवत पवित्रा झाकला जातो. रायफलचे वजन स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालते, पण बारा वर्षांच्या पोराच्या हाती तेवढे देऊ नये.

सरावाची जागा

दहा मीटर लांब, मागे भक्कम भिंत आणि गोळी थोपवणारी पेटी असलेली खोली हवी. गोळीच्या रेषेत कोणताही दरवाजा नको. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. आणि रायफल शेतात नेऊ नका. तितर मारणेही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, आणि रोही-रानडुकरांचा उपद्रव एअर रायफलने थांबत नाही. जखमी जनावर मात्र मागे उरते.