दोन दिवसांची नगरसहल : सीमाभागातील मित्रमंडळींसाठी खर्चाचा विचार

बेळगाव आणि निपाणी यांच्या परिसरातील खेड्यांतून शहराकडे जाण्याचा प्रघात जुना आहे. दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता, अंबाबाईचे दर्शन अशा निमित्तांनी लोक पूर्वापार कोल्हापूरला किंवा बेळगावला जात आले आहेत. परंतु कोणतेही काम न काढता चार-पाच मित्रांनी शनिवार-रविवारची सुटी साधून एखादे शहर केवळ पाहण्यासाठी जावे, ही गोष्ट अनेक कुटुंबांत अद्यापही चैनीची मानली जाते. वस्तुतः असा प्रवास फार थोड्या खर्चात होऊ शकतो. तो होत नाही याचे कारण पैशाची कमतरता हे जितके असते, तितकेच पैशाविषयी मोकळेपणाने न बोलणे हेही असते.

या भागातील एखाद्या मित्रमंडळाची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. गावच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या पाच जणांपैकी एक पुढे शिक्षक होतो, एक किराणा दुकान चालवितो, एक तंबाखूच्या वखारीत कामाला लागतो, एक शेती करतो आणि एक कचेरीत लिपिक असतो. सहलीचा बेत निघाला की पगारदार मंडळी सहज आकडा बोलून जातात. वखारीतला मित्र त्या वेळी होकार देतो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी काहीतरी काम निघते. ते काम बहुधा खरे नसते. हे इतरांनाही ठाऊक असते. पण तसे कोणी म्हणत नाही आणि पुढील वेळी त्याला विचारण्याचेही राहून जाते.

म्हणून सहलीचा अंदाज बांधताना सर्वांत कमी मिळकत असलेल्या सोबत्याच्या ऐपतीपासून आरंभ करावा, हे हितावह होय. येथे आणखी एक बाब विचारात घेणे अगत्याचे आहे. पगारदारास रविवारची सुटी फुकट मिळते. रोजंदारीवरील माणसास ती मजुरी बुडवून घ्यावी लागते. विड्या वळणाऱ्या स्त्रियांना हजारी विड्यांमागे मजुरी मिळते. ज्या दिवशी सूप हाती घेतले नाही, त्या दिवसाची मजुरी नाही. अशा सोबत्याच्या बाबतीत बुडालेली मजुरी हाही सहलीचाच खर्च होय आणि तो हिशेबात धरला पाहिजे. शनिवारी पहाटे निघण्याऐवजी काम आटोपून दुपारनंतर निघाल्यास निदान अर्धा दिवस वाचतो. शिक्षकांनाही शनिवारची सकाळची शाळा करून हेच सोयीचे पडते. दुकानदार मित्र असल्यास त्याचा बाजारवार टाळावा.

भिशीची योजना

पैसा उभा करण्याची उत्तम रीत या भागाच्या अंगवळणी पडलेलीच आहे. गल्लोगल्ली चालणारी भिशी सर्वांच्या परिचयाची आहे. सहलीची भिशी तिच्याहून सोपी, कारण तीत सोडत नाही आणि व्याजही नाही. फक्त साठविणे आहे. उदाहरणादाखल, पाच मित्रांनी दर आठवड्यास प्रत्येकी १०० रुपये याप्रमाणे १० आठवडे रक्कम ठेवली, तर ५,००० रुपये जमतात. त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे १,००० रुपये, आजारपण किंवा चुकलेली गाडी यांसाठी बाजूस काढावा. उरलेल्या ४,००० रुपयांत, म्हणजे दरडोई ८०० रुपयांत, प्रवास, मुक्काम व जेवण बसवावे. कोणास आठवड्यास ५० रुपयेच जमत असतील, तर सर्वांनीच ५० रुपये ठेवावेत आणि सहल २० आठवड्यांनी काढावी. तारीख पुढे गेल्याने काही बिघडत नाही.

रक्कम एकाच्या घरी न ठेवता पोस्टाच्या संयुक्त बचत खात्यात किंवा गावच्या पतसंस्थेत ठेवणे बरे. घरात असलेला पैसा घरच्या अडचणीला खर्ची पडतो आणि त्यास कोणी दोष देऊ शकत नाही. हल्ली मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय झाली असली, तरी एक वही ठेवून तीत प्रत्येक भरणा लिहून काढावा. वही सर्वांस पाहता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

दोन राज्ये, दोन तिकिटे

निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० कि. मी. आणि बेळगाव सुमारे ७५ कि. मी. अंतरावर आहे. दोन्ही शहरे पुणे–बंगळूर महामार्गाने जोडलेली आहेत. निपाणीस रेल्वे नाही, त्यामुळे एस. टी. हेच मुख्य साधन. नकाशा पाहता कोल्हापूरची सहल स्वस्त असावी असे कोणासही वाटेल. पण सवलतींच्या नियमांमुळे हा हिशेब स्त्रियांच्या बाबतीत उलट होतो, आणि बऱ्याच मंडळींच्या हे लक्षात येत नाही.

कर्नाटक शासनाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजना सुरू केली. तीनुसार कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत धावणाऱ्या शासकीय परिवहन संस्थांच्या साध्या व जलद गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. आरामगाड्या आणि आंतरराज्य गाड्या यांना ही योजना लागू नाही. प्रवासात रहिवासाचा पुरावा जवळ बाळगावा लागतो व वाहकाकडून शून्य दराचे तिकीट मागून घ्यावे लागते. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे पडते; परंतु ही सवलतही त्या राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. एस. टी. ची गाडी सीमा ओलांडून जात असली, तर हद्दीबाहेरील टप्प्यास पूर्ण आकार द्यावा लागतो.

याचा परिणाम असा की, निपाणीच्या पाच मैत्रिणींना ७५ कि. मी. वरील बेळगावास जाण्यास काहीच भाडे लागत नाही आणि ४० कि. मी. वरील कोल्हापुरास मात्र तिकीट काढावे लागते. ते कोगनोळीच्या सीमेपर्यंत पूर्ण आणि कागलपासून पुढे निम्मे. हीच गोष्ट कागल किंवा गडहिंग्लजच्या मैत्रिणींच्या बाबतीत उलट्या दिशेने खरी आहे : त्यांना कोल्हापूर जवळचे आणि निम्म्या दराचे. स्त्री-पुरुष मिळून जाणाऱ्या मंडळींनी भाड्यात झालेली बचत सर्वांच्या ठेवीत धरावी की ज्यांची त्यांनी घ्यावी, हे आधीच ठरवून टाकावे. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत एस. टी. प्रवास विनामूल्य आहे; सोबत वडीलधारे असल्यास त्याचाही उपयोग होतो. महाराष्ट्र एस. टी. चा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार व सात दिवसांचा पास प्रसिद्ध आहे, परंतु दोन दिवसांच्या जवळच्या सहलीस तो परवडत नाही.

सीमाभागातील प्रवाशाने आणखी दोन अडचणी गृहीत धरून चालावे. पहिली, सीमाप्रश्नावरून तणाव निर्माण झाल्यास आंतरराज्य गाड्या अचानक थांबविल्या जातात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये असे घडले होते. अशा वेळी गाड्या सीमेच्या अलीकडेच थांबतात व मधला टप्पा मिळेल त्या वाहनाने गाठावा लागतो. बाजूस ठेवलेली पाचव्या हिश्शाची रक्कम येथे कामी येते. दुसरी अडचण पावसाची. २०१९ व २०२१ च्या महापुरात वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर आल्याने वाहतूक बंद पडली होती. जुलै-ऑगस्टमध्ये सहल काढावयाची झाल्यास नदी न ओलांडता परतता येईल असे शहर निवडावे. कोणत्याही ऋतूत रविवारच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नये; तिच्या आधीची गाडी हीच आपली गाडी समजावी.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी एक लहानशी सूचना. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी असे आहे आणि कर्नाटकच्या गाड्यांवरील पाट्या कानडीत असतात. अक्षरे ओळखता येत नसली, तरी विचारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. या मार्गावरील बहुतेक वाहक दोन्ही भाषा बोलतात.

मुक्काम कोठे करावा

शहरात नातेवाईक असणे हा सीमाभागाचा विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पण सोयरीक पूर्वीप्रमाणेच दोन्ही बाजूंनी होत राहिली. त्यामुळे ‘आत्याकडे उतरू’ असे सहज म्हटले जाते. एकट्या-दुकट्याने जाताना ते ठीक आहे. पाच जण एकदम जाऊन उतरले, तर वाचलेला खर्च आत्याच्या स्वयंपाकघरावर पडतो, आणि तिची रविवारची विश्रांतीही जाते. भेटीस जाऊन चहा घेऊन यावे, मुक्काम अन्यत्र करावा, हेच योग्य.

देवस्थानांची भक्तनिवासे, धर्मशाळा आणि बसस्थानकाजवळील साधे लॉज ही अल्प खर्चाची ठिकाणे होत. पाच जणांत दोन खोल्या घेण्याऐवजी जादा गादी मिळणारी एक मोठी खोली स्वस्त पडते. फोनवर दर विचारताना कर धरून एकूण रक्कम विचारावी. प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. कोल्हापुरात नवरात्रात, तसेच अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस, गर्दी असते. ज्यांना केवळ शहर पाहावयाचे आहे त्यांनी हे दिवस टाळावेत.

काय पाहावे

कोल्हापूरचा मोठा गुण असा की, तेथील पाहण्यासारखे पुष्कळसे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, खासबाग कुस्ती मैदान आणि थोडे पुढे रंकाळा एवढा फेरा रिक्षा न करता पुरा होतो. खासबागेचे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी रोममधील प्राचीन रंगमंडल पाहून आल्यानंतर उभारले व ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधल्या हौद्याभोवती उतरत्या बैठकी अशा बांधल्या आहेत की, कोठूनही कुस्ती दिसावी. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह, जे १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झाले, ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले व त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय शिक्षकांनी तरी चुकवू नये. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये हे संग्रहालय निघाले. त्यात समुद्रदेवता पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ही खूण समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावर सापडली, हे पाहून वर्गातील इतिहासाचा तास सोपा होतो. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून रविवार सोडू नये. संध्याकाळी गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेले दूध मिळते. चहाच्या चार कपांपेक्षा ते बरे, आणि महागही नाही.

बेळगावात किल्ला हे पहिले ठिकाण. त्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजवटीत, १२०४ च्या सुमारास बांधले गेले. छतातील दगडी कमळ पाहण्यास मान वर करून थोडा वेळ उभे राहावे लागते. किल्ल्यातच सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते. टिळकवाडीत वीरसौध हे स्मारक आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय सभेच्या ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर १९२४ मध्ये येथे भरले. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर काँग्रेस विहीर म्हणून आजही दाखविली जाते. परतताना कुंदा घ्यावयाचा असल्यास तो सामाईक पैशातून न घेता ज्याने त्याने घ्यावा, कारण कोणाच्या घरी दोन माणसे असतात आणि कोणाच्या घरी नऊ.

पणजीचा बेत बेळगावकरांना चोर्ला घाटाने करता येतो. तेथे फोंतेन्यास भागातील जुन्या गल्ल्या व जुने गोवे येथील चर्चेस पाहण्यास फारसा खर्च येत नाही. मुक्काम मात्र डिसेंबरात महाग पडतो. दोन दिवसांची पहिली सहल तरी जवळच्या शहराची असावी.

हिशेबाची वही

प्रवासात पैसा एकानेच खर्च करावा व दुसऱ्याने तो वहीत लिहावा. दोन्ही कामे एकाकडे असू नयेत. अविश्वास म्हणून नव्हे, तर गर्दीत दोन्ही नीट होत नाहीत म्हणून. जेवणाच्या बाबतीत खानावळीतील ताट हे सर्वांना सारखे पडते. वेगवेगळे पदार्थ मागविले की, ज्याने कमी मागविले तोच हिशेबाच्या वेळी गप्प बसतो. तंबाखू, पान, चित्रपट आदी खर्च ज्याचा त्याने करावा. परतीच्या गाडीतच वही वाचून दाखवावी, कारण घरी पोहोचल्यावर आठवडाभर कोणास सवड मिळत नाही. बाजूस ठेवलेले १,००० रुपये खर्ची पडले नसतील, तर ते वाटून न घेता पुढल्या भिशीची पहिली रक्कम म्हणून त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहावेत, आणि त्याखाली पाचही जणांची नावे पुन्हा मांडावीत.