वीजदर आणि साचलेली तूट

वीज वितरण कंपनीला विजेचा दर स्वतः ठरवता येत नाही. विद्युत कायदा, 2003 नुसार तो अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा. कंपनी वीजखरेदी, वहन, देखभाल, व्याज यांचा हिशेब आयोगापुढे मांडते, जनसुनावणी होते आणि आयोग मान्य करील तेवढाच खर्च ग्राहकांकडून वसूल करता येतो. यातला सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा.

दरवाढ टाळण्यासाठी काही वेळा मान्य खर्चही पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. हीच ‘रेग्युलेटरी ॲसेट’. नाव मालमत्तेचे असले, तरी ग्राहकाच्या दृष्टीने ते व्याजासह फुगणारे देणे आहे. दिल्लीत ते वर्षानुवर्षे साचत गेले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी रक्कम 1 एप्रिल 2024 पासून सात वर्षांत आणि नवी तीन वर्षांत निकाली काढण्याचे बंधन घातले.

महाराष्ट्रात 2005 मध्ये वीज मंडळाच्या विभाजनातून महावितरण स्थापन झाली. तिच्यापुढचा खरा पेच शेतीपंपांचा. पंपांना वीज स्वस्त आणि तिची भरपाई उद्योग-व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून, म्हणजे क्रॉस सबसिडीतून. त्यामुळे मोठे उद्योग ओपन ॲक्सेसने बाहेरची वीज घेतात किंवा स्वतःचे सौरप्रकल्प उभारतात, आणि भार उचलणारे ग्राहकच घटतात. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते. कायद्याच्या कलम 65 नुसार असे अनुदान आगाऊ मिळायला हवे. ते रखडले, तर कंपनीला खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढावे लागते.