बापानं कोर्टात ‘मी काही केलं नाही’ म्हटलं, म्हणजे केस संपली का?



मागे एका गटाच्या मीटिंगला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सगळ्या उठल्या. एक मावशी मात्र तशीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, माझ्या नातीची केस चालू आहे. आरोपी तिचा बापच. परवा त्यानं जजसाहेबांसमोर सांगितलं, मी असलं काही केलं नाही, बायकोशी भांडण आहे म्हणून मला अडकवलंय. गावात म्हणतात, आता तो सुटला. खरंच सुटला का हो?”

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वकील मॅडमना विचारलं, कायदा वाचला. मावशीला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. गाव, नाव काही लिहीत नाही, कारण अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे.

आधी उत्तर. नाही, एवढ्यावर कुणी सुटत नाही. आणि एवढ्यावर कुणी खोटाही ठरत नाही.

18 वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचारासाठी पोक्सो कायदा आहे. तो 2012 सालचा. गुन्हा करणारा बाप किंवा जवळचा नातेवाईक असेल तर कायदा त्याला जास्त गंभीर धरतो आणि शिक्षाही जास्त आहे.

केस कशी चालते ते बघा. आधी सरकारी वकील आपले साक्षीदार आणतात. मूल, आई, डॉक्टर, पोलीस. त्यांचं झालं की जज आरोपीला विचारतात, “तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुझं काय म्हणणं?” हा आरोपीचा जबाब. तो शपथेवर नसतो. तो गप्प बसू शकतो, नाही म्हणू शकतो. खोटं उत्तर दिलं म्हणून त्याला वेगळी शिक्षा होत नाही. मावशीच्या जावयानं जे सांगितलं ते इथलं. बहुतेक आरोपी इथं ‘नाही’च म्हणतात.

त्याला वाटलं तर तो स्वतः लेखी मागणी करून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. मग मात्र शपथ घ्यावी लागते आणि सरकारी वकील उलटतपासणी घेतात. त्या दिवशी कुठे होतास, भांडण कधीपासून, आधी कुणाला का सांगितलं नाही. तो उभा राहिला नाही, तरी तेवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही. तो त्याचा हक्क आहे.

मग जज ठरवतात कशावरून? सगळं एकत्र ठेवून. मुलाचं बोलणं विश्वासाचं वाटलं तर दुसरा बघणारा नसला तरी शिक्षा होऊ शकते. अंगावर खूण नाही म्हणजे काही घडलंच नाही, असंही कोर्ट धरत नाही. सरकारी पक्षानं मुलाचं वय आणि घटनेचा मूळ पुरावा दाखवला, की गंभीर गुन्ह्यांत ‘मी केलं नाही’ हे आरोपीला पटवून द्यावं लागतं. नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही.

आता एक अवघड गोष्ट. कधी कधी बाप खरंही बोलत असतो. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला ओढल्याचा आरोप कोर्टात होतो, आणि तो तपासावाच लागतो. म्हणून त्यालाही वकील मिळतो. मोठ्या माणसानं मुद्दाम खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. तेव्हा पारावर बसून ‘हा नराधम’ किंवा ‘ती खोटारडी’ असा निकाल आपण देऊ नये.

मग आपण काय करायचं?

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि पढवू तर अजिबात नका. ‘असं सांग, तसं सांग’ केलं की समोरचा वकील म्हणतो, साक्ष शिकवलेली आहे. मुलीच्या खऱ्या बोलण्याचंही मोल त्यानं कमी होतं.

मुलीला धीर द्या. कोर्टात बाप तिच्या समोर येऊ नये म्हणून पडदा, आरसा किंवा व्हिडिओची सोय करायची असते. वकिलांनी थेट तिला प्रश्न विचारायचे नाहीत, जजमार्फत विचारायचे. मध्ये सुट्टी मागता येते. सुनावणी बंद खोलीत होते. विश्वासाचं माणूस सोबत ठेवता येतं. बालकल्याण समितीकडून आधार देणारी व्यक्तीही मिळते. हे मिळालं नाही तर सरकारी वकिलांना सांगा.

‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्यांना थांबवा. ही केस पंचांपुढे मिटत नाही. पण घरच्यांच्या दबावानं आई साक्षीत फिरते आणि मूल एकटं पडतं, हे होतं. कमावता बाप आत गेला की घरात दाणा नसतो. आई तिथंच मोडते. गटाची खरी गरज तिथं आहे. हप्त्याला थोडी सवलत, रेशन, तारखेला जायचं गाडीभाडं. आपल्या राज्यात मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिच्याबद्दल विचारा. बाई आणि मुलासाठी तिथं वकीलही मोफत मिळतो.

आणि कुठं असं घडतंय असं कळलं तर गप्प बसू नका. माहिती असून न कळवणं हा पण गुन्हा आहे. मुलांसाठी 1098, पोलिसांसाठी 112.

मावशीच्या नातीचा निकाल अजून लागायचा आहे. पुढच्या तारखेला गटातल्या दोघी मावशीबरोबर जाणार आहेत. त्यांना आत जाता येणार नाही, बाहेर बाकावर बसतील. मावशी म्हणाली, “बाहेर कुणी आहे एवढं पोरीला कळलं तरी बास.”

तुमची,
क्षेत्र समन्वयक